कवटीवरील खुणा आणि वंशाचा निर्णय

गेल्या चैत्रांत रावेर तालुक्यांतील एका गृहस्थांनीं आपल्या ज्ञातीच्या इतिहासाचें हस्तलिखित तपासणीसाठीं आमच्याकडे आणून दिलें. पृष्ठें दोनशेंहून अधिक. हे गृहस्थ केळीचे बागाईतदार. परंतु कागद जमविण्याचा नाद असा कीं, पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांतील उतारे, बऱ्हाणपुराकडील सोयरिकींच्या याद्या, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतील नोंदी, हें सर्व त्यांनीं वर्षानुवर्षें पदरमोड करून मिळविलेलें. हा भाग वाचतांना आम्हांस खरोखर आनंद झाला. पहिलें प्रकरण मात्र निराळ्याच पायावर उभें होतें. त्यांत असें प्रतिपादन केलें होतें कीं, लेखकाच्या ज्ञातीचीं डोकीं रुंद व वाटोळीं, सबब ते मूळचे शक. शेजारच्या एका ज्ञातीचीं डोकीं लांबट, सबब ते दुसऱ्या कोणी. आणि सातपुड्यांतील भिल्ल व तडवी यांचीं नाकें बसकीं, सबब त्यांची पायरी सर्वांत खालची. आधार दोन : एक, १९०१ च्या खानेसुमारीनंतर प्रसिद्ध झालेलीं रिस्लेसाहेबांचीं कोष्टकें, दुसरा, लेखकानें स्वतः लोखंडी कमानीच्या कंपासानें घेतलेलीं आपल्या भाऊबंदांच्या डोक्यांचीं मापें. ग्रंथास प्रस्तावना आम्हीं लिहावी अशी त्यांची इच्छा होती.

आम्हीं नकार दिला. कारणें तोंडीं सांगितलीं, तीं त्यांस पटलीं नाहींत. प्रश्न एका ज्ञातीचा असता तर एखाद्या खासगी पत्रानें भागलें असतें. परंतु अशा तऱ्हेचीं ज्ञातिवृत्तें खानदेशांत व इतरत्र छापलीं जातात, त्यांतील पहिलें प्रकरण पुष्कळदां याच घाटाचें असतें, आणि तीं आमच्या वाचकांच्या संग्रहीं येऊन उद्यांच्या संशोधकाचा आधार होऊन बसतात. म्हणून हा विषय येथें सविस्तर मांडतों.

कवटी हा वाचावयाचा लेख आहे, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे. जन्मानंतर सटवाई येऊन कपाळीं लिहून जाते असें आपल्या आयाबाया सांगत आल्या. वाळलेली कवटी ज्यांनीं पाहिली आहे त्यांस ही समजूत कोठून निघाली असावी याचा तर्क करतां येईल. कवटीच्या हाडांचे सांधे सरळ नसतात. ते इतके नागमोडी असतात कीं, घाईनें लिहिलेल्या मोडीची एखादी ओळच डोक्यावरून गेली आहे असें वाटतें. संस्कृतज्ञांत प्रसिद्ध असलेली एक गोष्ट याच समजुतीवर रचलेली आहे. एका पंडितास समुद्रकांठीं एक कवटी सांपडली. तीवरील ब्रह्मलिपि त्यानें वाचली : जन्मभर दारिद्र्य, दहा वर्षें बंदिवास, समुद्रतीरीं मरण, आणि यापुढेंही कांहीं व्हावयाचें आहे. मेल्यावर आणखी काय होणार या कुतूहलानें त्यानें ती घरीं नेऊन जपून ठेविली. बायकोस वाटलें, ही नवऱ्याच्या पूर्वींच्या कोणा प्रियेची कवटी. तिनें ती उखळांत घालून कुटली. लेख खरा ठरला. पंडितानें तो खरोखर वाचला होता, कीं आपल्या मनांतील मजकूर त्या रेघांत घातला होता, हें मात्र गोष्ट सांगत नाहीं. आणि आमचा सगळा प्रश्न तेवढाच आहे.

शास्त्रकारांनीं या सांध्यांकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. सुश्रुतानें शारीरस्थानांत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत कवटीच्या व कटीच्या चपट्या हाडांच्या सांध्यास तुन्नसेवनी असें नांव आहे. तुन्नसेवनी म्हणजे शिंप्यानें घातलेली शिवण. युरोपीय वैद्यांनीं याच सांध्यास लॅटिनमध्यें जें नांव दिलें त्याचाही अर्थ शिवण असाच आहे. डोक्यावरील पांच सांध्यांस सुश्रुत सीमंत म्हणतो व त्यांची गणना मर्मांत करतो. स्त्रियांच्या भांगास सीमंत म्हणतात तोच हा शब्द. याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आंतील जागा बाहेरून ओळखावी कशी हेंही तो सांगतो. अधिपति नांवाचें मर्म मस्तकाच्या आंत वरच्या बाजूस असतें. त्याची बाहेरील खूण म्हणजे केसांचा भोंवरा. कानशिलावरील शंख हें मर्म भुवईच्या टोंकाच्या वर, कान व कपाळ यांच्या मध्यें. तेथें घाव बसला तर मृत्यु तत्काळ. आजच्या शारीरशास्त्रांत याच टापूंत चार हाडें जवळजवळ येतात त्या जागेस टेरियन म्हणतात. तेथें हाड पातळ असतें व त्याच्या आंतल्या बाजूनें मेंदूच्या आवरणाची मोठी रक्तवाहिनी जाते. मर्म म्हणजे नेमका हाच बिंदु असें आम्ही म्हणत नाहीं; तसा आग्रह धरणारे पुष्कळ आहेत, त्यांचें त्यांनीं पाहावें. परंतु शरीरावर खुणेचा बिंदु नेमावा व त्यावरून अदृश्य जागा शोधावी, ही रीत आपल्या ग्रंथांस ठाऊक होती यांत शंका नाहीं.

हाडांच्या संख्येविषयीं एक गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वेदवादी तीनशें साठ हाडें मानतात, शल्यतंत्रांत तीनशेंच आहेत, असें सुश्रुत स्वतः नमूद करतो. चरक तीनशें साठ मानतो, याज्ञवल्क्यस्मृतींतही तोच आंकडा आहे, आणि शतपथब्राह्मणांत त्याची सांगड वर्षाच्या दिवसांशीं घातलेली आहे. डॉ. हर्न्ले यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या सर्व याद्या शेजारीं शेजारीं मांडून त्यांतील फरक तपासले. त्यांतील कित्येक फरक शरीराचे नसून लेखकूंचे आहेत, असें त्यांनीं दाखविलें. कोठें शब्द गळाला, कोठें टीकाकारानें बेरीज जुळविण्याकरितां यादीच सुधारली. हाड एकच, नकलकारानें त्याचीं दोन केलीं. आमच्या वाचकांस हा प्रकार नवा वाटूं नये.

मोजमाप आपल्याकडे होतें. चरकाच्या विमानस्थानांत पुरुषाचें शरीर चौऱ्यायशीं अंगुळांचें सांगून डोक्याचा घेर बत्तीस अंगुळें दिला आहे. बृहत्संहितेंतील प्रतिमालक्षणांतही डोक्याचा घेर बत्तीस अंगुळेंच आहे. पुढें वराहमिहिर असेंही सांगतो कीं, चित्रांत त्यांपैकीं बारा दिसतात, वीस दिसत नाहींत. किती नेमकी दृष्टि ही! परंतु वैद्यकांतील हें अंगुळ ज्याचें त्याचें असतें. रोग्याचें डोकें रोग्याच्याच बोटानें मोजावयाचें. त्या मापावरून वैद्य आयुष्य व बल यांचा अंदाज करी. दोन माणसांचीं डोकीं एकाच काठीनें मोजून त्यांचे पूर्वज वेगळे ठरविणें हा व्यवहार त्या मापांत संभवतच नाहीं. सामुद्रिकवाल्यांनीं डोक्याच्या आकारावरून राजयोग व दारिद्र्य सांगितलें, हें खरें. त्यांची वकिली आम्ही करीत नाहीं.

एकाच काठीनें सर्वांचीं डोकीं मोजण्याचा उद्योग युरोपांत गेल्याच्या मागील शतकांत सुरू झाला. स्वीडनमधील रेट्झियस यांनीं १८४० नंतरच्या दशकांत लांब डोक्याचे व आखूड डोक्याचे असे भेद प्रचारांत आणले. रीत सोपी आहे. भुवयांच्या मधील उंचवट्यापासून मागील सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंत लांबी घ्यावी. बाजूंमधील सर्वांत मोठें अंतर ही रुंदी. रुंदीस शंभरानें गुणून लांबीनें भागिलें म्हणजे शीर्षांक येतो. वाळलेल्या कवटींत तो ७५ च्या खालीं असला तर लांब, ७५ ते ८० मध्यम, ८० व त्यावर रुंद. पुढें कवटी धरावयाची कशी यावरही वाद झाले. ती किंचित् पुढें कलली कीं उंचीचीं सारीं मापें बदलतात. अखेर १८८४ सालीं जर्मन विद्वानांनीं फ्रँकफुर्ट येथील ठरावानें एक पातळी नेमली : डोळ्याच्या खोबणीची खालची कड व कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेंत यावी. हा ठराव आजही चालतो, आणि तो चांगला आहे. पोथ्यांचे पाठ ताडून पाहावयाचे तर सर्व पोथ्यांत श्लोक एकाच जागेपासून मोजावे लागतात, तसेंच हें.

परंतु बिंदु नेमला म्हणजे तो सांपडतोच असें नाहीं. टेरियनचेंच पाहा. बहुतेक कवट्यांत तेथें बाजूचें व तळाचें हाड एकमेकांस भिडतात. कांहींत तीं भिडतच नाहींत, त्यांच्या ऐवजीं कपाळाचें व कानशिलाचें हाड मिळतें. कांहींत चारही हाडें एका ठिपक्यावर येतात. कांहींत मध्यें एक लहानसें स्वतंत्र हाडच बसलेलें असतें. एकाच कवटीच्या दोन बाजूंस दोन प्रकार आढळतात. मागील शिवणींत अशीं सुटीं हाडें पुष्कळदां निघतात. त्यांस ओले वोर्म या डॅनिश वैद्याचें नांव मिळालें आहे. कपाळाचें हाड जन्मतः दुभंग असतें व बालपणींच सांधतें. तथापि थोड्या लोकांत ती उभी शिवण मरेपर्यंत राहते व तिचा त्यांस कधीं पत्ताही नसतो. हे सर्व निरोगी माणसाचे भेद आहेत. पोथीच्या भाषेंत सांगावयाचें तर हे पाठभेद होत. एका पाठभेदावरून निराळी शाखा कल्पिणारा संपादक आपल्यांत हास्यास्पद ठरतो.

जिवंत डोक्याची अडचण आणखी मोठी. कातडी, केस व मांस यांमुळें जिवंत डोक्याचा शीर्षांक हाडाच्या शीर्षांकापेक्षां थोडा अधिक येतो, म्हणून मार्टिन यांच्या पद्धतींत जिवंत डोक्यासाठीं रुंद हा वर्ग ८१ पासून धरतात. आमच्या स्नेह्यांनीं वाळलेल्या कवटीच्या इयत्ता जिवंत भाऊबंदांस लाविल्या होत्या, आणि त्यांचीं बरींच मापें नेमकीं ८० व ८१ यांच्या दरम्यान पडत होतीं. इयत्ता बदलतांच अर्धे शक मध्यम होऊन बसले! दुसरें असें कीं, १८० मिलिमीटर लांबीच्या डोक्यास रुंदी १४४ घेतली तर शीर्षांक ८० येतो. १४३ घेतली तर ७९.४. कंपास एका मिलिमीटरनें अधिक दाबला कीं वर्ग बदलतो. आणि डोकें घडविण्यांत आपल्या घरच्या आज्यांचाही हात असतो. तान्ह्या मुलाचें डोकें वाटोळें व्हावें म्हणून मोहरीची उशी देणें, तें एका कुशीवर फार वेळ न ठेवणें, न्हाऊं घालतांना टाळूस तेल भरून हातानें आकार देणें, हें घरोघर चालत आलें आहे. ज्या डोक्यास आजीनें सहा महिने वळण दिलें, त्याच्या मापांतून नहपानाची सेना काढावयाची हें धाडस मोठेंच म्हणावयाचें.

आतां रिस्लेसाहेबांकडे वळूं. हर्बर्ट होप रिस्ले हे बंगालमधील मुलकी अधिकारी; १९०१ च्या खानेसुमारीचे ते आयुक्त होते. त्यांचा ‘हिंदुस्थानचे लोक’ या अर्थाचा इंग्रजी ग्रंथ १९०८ सालीं निघाला. डोकें व नाक यांच्या मापांवरून त्यांनीं देशांतील लोकांचे सात वर्ग केले. त्यांत महाराष्ट्रांतील ब्राह्मण व कुणबी यांस शक-द्रविड या वर्गांत घातलें. नाकाची रुंदी जसजशी वाढते तसतशी ज्ञातीची सामाजिक पायरी उतरते, असा नियमही त्यांनीं बसविला. त्यांच्या खात्यांत बा. आ. गुप्ते हे महाराष्ट्रीय गृहस्थ साहाय्यक होते. या मापांचें आकर्षण आपल्या थोर पंडितांसही आवरलें नाहीं. चिंतामणराव वैद्य यांनीं ‘महाभारताचा उपसंहार’ या ग्रंथांत शीर्षमापनशास्त्राचा पुरावा म्हणून हीच सामग्री वापरली आहे. वैद्यांविषयीं आमचा आदर यामुळें तिळभर कमी होत नाहीं. त्या वेळीं तें नवें शास्त्र होतें.

इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां शकांचा पुरावा आपणांस चांगला ठाऊक आहे. नाशिक, कार्लें व जुन्नर येथील लेख आहेत. १९०६ सालीं जोगळटेंभी येथें नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा ठेवा निघाला, व त्यांतील पुष्कळ नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप मारलेला आहे. हा पुरावा एका राजघराण्याचा, त्याच्या अधिकाऱ्यांचा, दानांचा व पराभवाचा आहे. तापीपासून कृष्णेपर्यंतच्या कुणब्यांचीं डोकीं बदलण्याइतके लोक त्याबरोबर आले, असें त्यांतील एकही अक्षर सांगत नाहीं. रुंद डोकीं दिसलीं, तीं द्रविडांचीं नव्हेत असें मानलें, मग तीं कोणाचीं हें शोधण्यास इतिहासांत गेले, आणि तेथें शक हाताशीं होते. पंडितानें कवटी वाचली ती याच रीतीनें.

मापांवरही लवकरच आक्षेप आले. फ्रांत्स बोआस यांनीं अमेरिकेंत स्थायिक झालेल्या युरोपीय कुटुंबांचीं हजारों डोकीं मोजून, आईबाप व तेथें जन्मलेलीं मुलें यांच्या शीर्षांकांत फरक पडतो असें १९१२ सालीं प्रसिद्ध केलें. त्या आंकड्यांची फेरतपासणी २००२ व २००३ सालीं दोन पक्षांनीं केली व फरक किती मोठा याविषयीं त्यांचें एकमत झालें नाहीं. परंतु डोक्याचा आकार अचल आहे हें गृहीत पुन्हां पहिल्यासारखें उभें राहिलें नाहीं. आपल्याकडे गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ च्या आपल्या ग्रंथांत रिस्लेंचा सिद्धांत तपासला. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं १९३३ सालीं रिस्लेंच्या बंगालमधील छापील आंकड्यांचें शोधन करून त्यांतील चुका दाखविल्या. मूळ पोथीच अशुद्ध निघाली म्हणावयाची!

या सर्व प्रकरणांत एक कवट्यांची मोजणी महाराष्ट्रीय बाईंनीं केली, तीही जेथें हें शास्त्र सत्तेच्या मांडीवर जाऊन बसणार होतें त्याच घरांत बसून. ती हकीकत आमच्या स्नेह्यांस ठाऊक नव्हती; पुष्कळ वाचकांसही नसेल. डॉ. इरावती कर्वे यांस आपण ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून ओळखतों. त्यांचा जन्म १९०५ सालीं ब्रह्मदेशांत झाला. मुंबईस घुर्ये यांच्या हाताखालीं त्यांनीं चित्पावनांविषयीं प्रबंध लिहिला, आणि १९२८ सालीं त्या बर्लिन येथें गेल्या. तेथील मानववंशशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था आदल्याच वर्षीं उघडली होती. तिचे संचालक ऑयगेन फिशर. दक्षिण-पश्चिम आफ्रिकेंतील रेहोबोथ येथील मिश्र लोकांची पाहणी करून वंशसंकराविषयीं ग्रंथ लिहिलेले हेच गृहस्थ. पुढें १९३३ सालीं नाझी सत्ता आल्यावर ते बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले.

फिशर यांनीं इरावतीबाईंस विषय दिला तो कवटीच्या दोन बाजूंमधील विषमतेचा. कोणतीही कवटी समोरून पाहिली तर डावी व उजवी बाजू तंतोतंत सारखी नसते. एका बाजूचें कपाळ किंचित् पुढें, दुसऱ्या बाजूचें मागील हाड किंचित् फुगलेलें. फिशर यांची अपेक्षा अशी होती कीं, गोऱ्या युरोपीयांची बुद्धि अधिक तर्कशुद्ध, म्हणून त्यांच्या मेंदूचा उजवा पुढील भाग मोठा, आणि म्हणून त्यांच्या कवटींत ही विषमता इतर वंशांहून अधिक दिसेल. अनुमानाची ही साखळी पाहा : बुद्धि, मेंदू, हाड, वंश. चार कड्या, आणि मोजण्याजोगी त्यांत एकच.

बाईंनीं ती एक मोजली. एकशें एकोणपन्नास कवट्या त्यांच्या पुढें होत्या. त्यांत जर्मनांच्या आफ्रिकेंतील वसाहतींतून आणलेल्या कवट्याही होत्या. त्या कशा आणल्या गेल्या हा निराळा व कष्टदायक इतिहास आहे. बर्लिनमधील संग्रहांत पूर्व आफ्रिकेंतील अशा सुमारें अकराशें कवट्यांचा छडा लावण्याचें काम आतां २०२३ सालीं तेथील संस्थेनें प्रसिद्ध केलें. ज्यांस जाळलें वा पुरलें जावयाचें ते कपाटांत क्रमांक घालून ठेविले गेले, हें वाचून आमच्यासारख्या श्राद्धपक्ष पाळणाऱ्या माणसास अस्वस्थ वाटल्यावांचून राहत नाहीं. असो. प्रत्येक कवटीवर डावीकडील खूण व उजवीकडील तीच खूण यांची तुलना करीत बाईंनीं आपलें कोष्टक पुरें केलें. निष्पन्न झालें तें असें : विषमता सर्वांतच आहे, वंशाशीं तिचा संबंध लागत नाहीं. गुरूची अपेक्षा खोटी ठरली, व तसें त्यांनीं गुरूच्याच संस्थेंत लिहून दिलें. प्रबंध १९३१ सालीं छापला गेला. त्यांची नात उर्मिला देशपांडे व थियागो पिंटो बार्बोझा यांनीं २०२४ सालीं लिहिलेल्या इंग्रजी चरित्रांत ही हकीकत विस्तारानें आली आहे.

पंचविशींतील परदेशस्थ विद्यार्थिनी, पदवी ज्याच्या हातीं त्याच गुरूचें मत, आणि समोर मुक्या कवट्या. एक-दोन मिलिमीटरांची ओढाताण करून हवें तें उत्तर काढणें किती सोपें होतें, हें वरील १४३-१४४ च्या उदाहरणावरून वाचकांनीं समजून घ्यावें.

इरावतीबाईंस सर्वथा निर्दोष ठरविण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. स्वदेशीं आल्यावरही त्यांनीं कंपास खालीं ठेविला नाहीं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत असतांना मराठ्यांच्या मोजमापांवरील त्यांचें पुस्तक १९४८ सालीं, व वि. म. दांडेकर यांच्यासह केलेलें महाराष्ट्राच्या मोजमापांचें पुस्तक १९५१ सालीं निघालें. गुजराथेंतील लांघणज येथें सांकळियांच्या उत्खननांत निघालेल्या सांगाड्यांविषयींच्या आरंभींच्या अहवालांत आफ्रिकेकडील लोकांशीं साम्य सुचविलें गेलें, त्यांतही त्यांचा भाग होता. जुन्या विद्येची भाषा अंगीं मुरलेली असते, ती एका प्रबंधानें जात नाहीं. परंतु या मापांतून त्यांनीं जो प्रश्न विचारला तो रिस्लेंचा नव्हता. एकाच दर्जाच्या मानलेल्या ज्ञाति एका मूळ गटाचे तुकडे आहेत कीं स्वतंत्र गट शेजारीं शेजारीं येऊन बसले आहेत, हा त्यांचा प्रश्न. आणि उत्तर दुसऱ्या बाजूचें आलें. कैलासचंद्र मल्होत्रा यांच्यासह १९६८ सालीं त्यांनीं तें पुन्हां मांडलें. यांत कोण वरचा व कोण खालचा याचा हिशेब नाहीं. भिल्लांविषयीं त्यांनीं पश्चिम खानदेशची जी पाहणी लिहिली, ती १९६१ सालीं प्रसिद्ध झाली. ती समाजस्थिति व अर्थस्थिति यांची आहे. आमच्या स्नेह्यांनीं रिस्ले वाचला, घरच्या अंगणांतील ही पाहणी वाचली नाहीं.

लांघणजच्या सांगाड्यांचा पुढील अहवाल १९६५ सालीं निघाला, तो सोफी एर्हार्ट व केनेडी यांचा. एर्हार्टबाईंचें पूर्वायुष्य असें कीं, नाझी अमदानींत जर्मनींतील रोमा व सिंती लोकांचीं डोकीं मोजणाऱ्या पथकांत त्या कामास होत्या. ज्या लोकांची मापें घेतलीं त्यांतील पुष्कळ पुढें छळछावण्यांत मेले. त्याच हातांनीं मग आमच्या देशांतील कवट्या मोजल्या! एकाच विद्येंतून १९३१ सालीं एक प्रबंध निघाला आणि दहा वर्षांच्या आंत हें निघालें.

कवटीपासून कांहींच कळत नाहीं असा अर्थ कोणी घेऊं नये. खानदेशांतच गिरणेकांठीं बहाळ व समोरच्या तीरावरील टेकवाडें येथें म. न. देशपांडे यांनीं केलेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगांतील दफनें निघालीं. धुळें जिल्ह्यांतील कवठें येथें डेक्कन कॉलेजच्या उत्खननांतही निघालीं. घोडनदीवरील इनामगांवीं तर दोनशेंहून अधिक. तेथें लहान मुलांस दोन रांजण तोंडास तोंड लावून त्यांत निजवीत, व मोठ्यांचे पाय घोट्यांखालीं तोडून त्यांस पुरीत. दातांच्या झिजेवरून व किडीवरून अन्न कळतें, शिवणींच्या सांधण्यावरून वयाचा ढोबळ अंदाज येतो, भुवयांचा व कानामागील उंचवट्याचा घाट पाहून स्त्रीपुरुष ओळखतां येतात, उपासमार व आजार यांच्या खुणा हाडांवर राहतात. शस्त्रवैद्यास तर टेरियन कोणाचें कोठें असतें हें मोजून ठेविल्यावांचून गत्यंतरच नाहीं. एवढें सर्व कवटी सांगते. नांव, गोत्र व प्रतिष्ठा ती सांगत नाहीं.

एक गोष्ट सांगावयाची राहिली. ती सांगितल्यावांचून आमच्या स्नेह्यांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस पोंचत नाहीं. चाळीस वर्षांमागें आम्ही नवे मास्तर होतों. संस्कृताबरोबर इतिहासाचे तास आमच्याकडे असत. एका जुन्या ग्रंथांतून उतरून घेतलेलें कोष्टक आम्हीं फळ्यावर मोठ्या हौसेनें काढलें : अरुंद नाक, मध्यम नाक, रुंद नाक, त्यांपुढें ज्ञातींचीं नांवें. मुलें एकमेकांच्या नाकांकडे पाहून हसूं लागलीं. पालकडील एक तडवी मुलगा दुसऱ्या बांकावर बसत असे. संस्कृताचे उच्चार त्या वर्गांत त्याच्याइतके स्वच्छ कोणाचे नव्हते; विसर्ग कसा म्हणावा हें इतरांस आम्ही त्याच्याकडून म्हणवून दाखवीत असूं. त्यानें पुस्तक उघडून तोंडासमोर धरलें, तें तास संपेपर्यंत खालीं घेतलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटच्या बांकावर बसूं लागला. आम्हीं त्यास कारण विचारलें नाहीं. कारण आम्हांस ठाऊक होतें. फळा तर त्याच दिवशीं पुसला होता.

आषाढांत आमचे स्नेही पुन्हां आले. वरील मजकूर त्यांस वाचून दाखविला. बराच वेळ ते बोलले नाहींत. मग म्हणाले, “गुरुजी, शक नाहीं तर मग आम्ही कोण?” आम्हीं त्यांच्याच हस्तलिखिताचें दुसरें प्रकरण काढून पुढें ठेविलें. त्यांत, दुष्काळांत बऱ्हाणपुराहून दोन बैल व एक विधवा बहीण घेऊन तापीच्या या अंगास आलेल्या एका पूर्वजाची नोंद तीर्थोपाध्यायाच्या वहीवरून त्यांनीं उतरून घेतली आहे. ग्रंथाचा आरंभ येथून करावा असें आम्हीं सुचविलें.

पहिलें प्रकरण त्यांनीं काढून टाकलें नाहीं, परिशिष्टांत घातलें. मापांच्या कोष्टकाखालीं, इयत्ता कोणती व लोक किती हें लिहिण्याचें त्यांनीं कबूल केलें आहे. भिल्ल-तडव्यांच्या नाकांविषयींचें वाक्य मात्र आमच्यासमोरच तांबड्या शाईनें खोडलें. लोखंडी कंपास ते आमच्या मेजावर विसरून गेले आहेत. तो न्यावयास अद्याप आले नाहींत. प्रस्तावना आम्हीं परवां लिहून पाठविली.